विहिरीचा वाटा

१

किसनला कुणी विचारलं, "काम काय करता हो?" तर तो सांगायचा, "पाणी फेकतो." विचारणाऱ्याला ती थट्टा वाटायची, पण ती थट्टा नव्हती. एप्रिलच्या उन्हात बदलापूरच्या बायका नळावर हंड्यांसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात असायच्या आणि हा गृहस्थ महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन पाणी नाल्यात सोडत होता.

खरवईच्या पुढे डोंगराच्या पोटात बोगद्याचं काम चाललं होतं. पलीकडच्या धरणातलं पाणी या बोगद्यातून अलीकडच्या गावांना मिळणार होतं. म्हणजे पाणी आणण्यासाठी डोंगराला भोक पाडायचं आणि भोक पाडताना लागलेलं पाणी उपसून टाकायचं, असा तो सरकारी न्याय. बोगदा उतरता होता. खडकाच्या चिरांमधून पाणी झिरपायचं, कडेच्या गटारातून वाहत खालच्या हौदात जमायचं आणि तिथून किसनचा पंप ते पाइपातून वर ढकलायचा. पंप बंद राहिला तर पुढे खडक फोडणारी माणसं अर्ध्या पाळीत कमरेपर्यंत पाण्यात उभी असायची. म्हणून सगळे किसनला धरून असायचे.

त्याचा हात यात मुरलेला होता. तरुणपणी तो चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत पंपावर होता. तिथले पंपावरचे म्हातारे कामगार म्हणायचे, की लोक याला कोळशाची खाण म्हणतात, पण आपण तर रोज कोळशापेक्षा पाणीच जास्त बाहेर काढतो. जमिनीच्या पोटात शिरलं की पाणी आपला पाहुणचार करायला येणारच, त्याला रागवायचं नाही, वाट करून द्यायची, एवढं शहाणपण घेऊन तो गावाकडे परतला होता.

पंप जुना होता. तळाची झडप झिजल्यामुळे तो बंद केला की नळीतलं पाणी खाली उतरायचं आणि पोटात हवा भरायची. मग सुरू करण्याआधी वरच्या तोंडातून डबाभर पाणी ओतून त्याचं पोट भरावं लागे. याला सगळीकडे पंपाला पाणी पाजणं असंच म्हणतात. किसन ते खरोखर पाजल्यासारखंच करायचा. "घे बाई, पी. घाई नको," म्हणत हळूहळू डबा कलता करायचा. बाकीचे कामगार म्हणायचे, किसनमामाला दोन बायका, घरची सरस्वती आणि खालची ही काळी. किसन हसायचा आणि काळीच्या पाठीवरून फडकं फिरवायचा.

हौदातलं पाणी तळाला गेलं की पंप पाण्याबरोबर हवाही ओढू लागे आणि नळीतून चुक् चुक् असा आवाज येई. तो आवाज आला की पंप बंद करायचा आणि हौद भरेपर्यंत बिडी ओढायची.

२

बोगद्याच्या बरोबर वर, डोंगरावर, ठाकरांची वाडी होती. तिथली येसू गटारातला गाळ काढायच्या कामावर होती आणि तिचा नवरा देऊ दगडाची ट्रॉली ढकलायचा. येसू किसनला मामा म्हणायची आणि येताना पदरात करवंदं आणायची. दिवस भरत आल्यावर होळीच्या सुमाराला तिने काम सोडलं. मग मुलगी झाली. देऊने सगळ्यांना गूळ वाटला, किसनच्या हातावर जरा जास्तच ठेवला.

त्याच उन्हाळ्यात वाडीची विहीर आटली. आजवर कधी आटली नव्हती. बोगद्याच्या कामावरचा साहेब सरळ माणूस होता, त्याने लपवालपवी केली नाही. म्हणाला, "मामा, वरची विहीर आपल्याच झिरप्यात उतरलीय. टँकरचं सांगितलंय मी." टँकर येऊ लागला. पण टँकरकडून न होणारं एक काम वाडीला होतं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत येसू पोरीला घेऊन बोगद्याच्या तोंडाशी आली. बरोबर तिची सासू भिकी होती.

"किसनभाऊ, आमाला खाली जाऊन दे," भिकी म्हणाली.

"खाली काय आहे बघायला? चिखल आहे."

"बघाया नाय. बाळंतीन घराभाईर पडली का पयली इहिरीवर जाते. चार थेंब दूध इहिरीला द्याचं. आधी इहिरीचा वाटा, मंग पोराचा. म्हंजे इहीर कदी पोराला मागत नाय. माज्या सासूनं दिला, मी दिला. आता इहीर कोरडी हाय."

"मग टँकरमध्ये टाका," किसन म्हणाला. म्हातारी हसली नाही.

"पानी जिकडं गेलं, तिकडं वाटा. पानी तर तुज्याकडं आलंय."

किसन बुद्धाला मानणारा माणूस, नवस-सायास त्याच्या घरात त्याच्या बापाच्या वेळीच बंद झालेले. पण त्यांचं पाणी तो रोज नाल्यात ओतत होता, त्याची बोच होतीच. त्याने दिवा घेतला आणि दोघींना खाली नेलं. येसू हौदाच्या शेवटच्या पायरीवर बसली. किसन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काही वेळाने येसू म्हणाली, "झालं मामा," आणि पोरीसकट तिघी वर गेल्या.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. किसनने डबा उचलला, हाताच्या सवयीने त्याच पायरीवरून हौदात बुडवला आणि पंपाच्या तोंडाशी लावला. "घे बाई, पी." अर्धा डबा गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. डब्यातल्या पाण्यात पांढुरकी रेघ हलत होती. त्याने डबा मागे घेतला, तर तोंडाशी उरलेलं पाणी एका घोटात आत गेलं.

पंप बंद होता. बंद पंप काही ओढून घेत नाही, हे किसनला कुणी शिकवायची गरज नव्हती. हात ओला होता, कलला असेल जास्त, असं म्हणून त्याने बटण दाबलं.

३

त्या दिवशी पाळी संपताना, रात्रपाळीवाल्याकडे देण्याआधी त्याने पंप थांबवला आणि चुक् चुक् ऐकू येतच राहिलं.

हवा अडकली असेल. त्याने झडप पाहिली, नळीचे सांधे चाचपले, साबणाचा फेस लावून कुठे फुगा धरतो का ते बघितलं. सगळं घट्ट होतं. हौदातलं पाणी तर नळीच्या वर हातभर होतं, हवा ओढायला जागाच नव्हती. तरी तो आवाज येत होता, सावकाश, मध्ये थांबून पुन्हा. किसनने पंपाच्या पाठीवर हात ठेवला. मोटर थंड झाली तरी पाठ कोमट होती. त्याला भीती वाटली नाही, खोटं कशाला सांगायचं. त्याला उगाचच बरं वाटलं. भीती नंतर घरी जाताना वाटली.

पुढच्या आठवड्यात देऊ कामावर येईना. आला तेव्हा तोंड सुकलेलं. येसूचं दूध गेलं होतं. पोरगी दिवसभर रडत होती, बाटलीतलं तोंडात धरत नव्हती. बदलापूरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, भिकीने शतावरी उगाळून दिली, कशाचाच उपयोग नव्हता.

"अजिबातच नाही?" किसनने विचारलं.

"शुक्रवारी आलं व्हतं," देऊ म्हणाला. "दिवसभर पोट भरून पिली. शनवारी बगतो तर पुन्ना नाय."

शुक्रवारी या पट्ट्यात वीज बंद असायची. कारखाने बंद, बोगदाही बंद, पंपही बंद. किसनने ते ऐकलं आणि डोक्यातून झटकून टाकलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, एवढं तो इतरांना नेहमी सांगत असे. पण झटकलेलं डोकं पुन्हा तिथेच जात होतं. शेवटी दुसऱ्या दिवशी त्याने दुपारी पंप थांबवला, खटका गरम झालाय असं साहेबाला सांगितलं आणि देऊला वर पिटाळलं. देऊ धापा टाकत परत आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"पितेय मामा. पितेय."

तोवर आतून ओरडा सुरू झाला होता, की पाणी गुडघ्यापर्यंत आलंय, मामा झोपला का. किसनने डबा बुडवला, पंपाला पाजलं आणि बटण दाबलं. देऊकडे त्याला बघवेना. देऊ ट्रॉली ढकलत निघून गेला. वरच्या वाडीत त्या क्षणी एक पोर उपाशी ओरडू लागलं असेल, हे त्या अंधारात फक्त किसनला ठाऊक होतं.

४

घरी सरस्वती भाकऱ्या थापत होती. किसनने तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"आवाज कसा येतो?"

त्याने ओठांनी करून दाखवला. सरस्वतीचे हात परातीतच थांबले.

चंद्रपूरला खाणीच्या वसाहतीत त्यांना एक मुलगा झाला होता. त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. तो गेल्यावरही सरस्वतीला पुढे कितीतरी दिवस दूध येत होतं. ती मोरीत बसून ते पिळून टाकायची आणि वरून तांब्याभर पाणी ओतायची. किसन दाराबाहेर बसून ते पाणी वाहताना ऐकायचा. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही आणि त्या दिवसांबद्दल दोघं कधी बोलली नाहीत.

"भूतबीत मी मानत नाही," सरस्वती म्हणाली.

"मी तरी कुठे मानतो?"

"पण सवय लागते ते मानते. तुम्ही रोज घे बाई, पी बाई करत होता आणि नेमकं तेच पाजलंत. लागलंय त्याला. आता तोडायला पाहिजे."

अंगावरचं दूध तोडायला बायका छातीला कडू लावतात, ते सांगायला नको. ती उठली, मागच्या कडुनिंबाचा पाला ओरबाडला आणि पाट्यावर बारीक वाटला. सकाळी डब्याबरोबर हिरव्यागार पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"आजपासून हेच पाजा. तोंड वाकडं करील. तुम्ही मऊ पडू नका."

५

पंपाने तोंड वाकडं केलं. कडू पाणी आत गेलं आणि बटण दाबताच काळी अशी थरथरली, की किसनला तिच्या पायाचे बोल्ट सुटतील असं वाटलं. पाइप खोकला. वर तोंडाशी असलेल्या लोकांनी सांगितलं, पाणी एकदम गुळणी टाकल्यासारखं नाल्यात पडलं. मग पंप नीट चालू लागला, नव्या पंपासारखा.

पाळी संपल्यावर किसनने तो थांबवला आणि कान दिला. चुक् चुक् नव्हतं. पाठीवर हात ठेवला, लोखंड गार पडत होतं.

दुसऱ्या दिवशी देऊ ट्रॉली तशीच सोडून त्याच्याकडे आला आणि पायाशी वाकायला लागला. किसनने त्याला दंडाला धरून उभं केलं. पोरगी रात्रभर पिऊन झोपली होती. भिकीने सांगून पाठवलं होतं, की भाऊला म्हनावं जेवाया ये. किसनला वाटलं, सुटलो. बिडी पेटवून तो हौदाच्या काठावर बसला.

तेव्हा हौदातून रडू ऐकू आलं.

मोठं नव्हतं. रडून रडून दमलेलं मूल जसं नुसतं कण्हतं, तसं. पंप चालू असला की ऐकू येत नसे, बंद केला की सुरू. साहेबानेही ऐकलं. म्हणाला, पाइपातली हवा आहे, मामा. आणि तो खाली यायचा बंद झाला. कामगार म्हणाले वटवाघूळ. वटवाघूळ तर वटवाघूळ. किसनने दिवा पाण्यावर धरून पाहिलं. तळाचा गाळ आणि नळीचं तोंड एवढंच दिसलं. "गप रे," तो म्हणाला, "दोन दिवस त्रास होईल, मग विसरशील." आपण कुणाशी बोलतोय हे लक्षात आल्यावर तो तिथून उठला आणि पाळी संपेपर्यंत उभाच राहिला.

६

तीन दिवसांनी सरस्वतीने त्याच्या डब्याशेजारी आपली पितळी कळशी ठेवली आणि पायात चपला घातल्या.

"कुठे?"

"दूध तोडलं की पोराला कुणीतरी जवळ घेतं. आजी घेते, मावशी घेते. तुम्ही तोडलंत आणि अंधारात टाकून आलात."

"अगं, ते पोर नाही."

"मग तुम्हाला जेवण का जात नाही?"

जेवणाच्या सुट्टीत तो तिला खाली घेऊन गेला. रडणं ऐकू येऊ लागलं तशी तिची पावलं भरभर पडू लागली. शेवटच्या पायरीवर ती बसली. पातळाचा काठ पाण्यात भिजला. तिने कळशी पाण्यात बुडवली नाही. तोंड पाण्याला टेकवून नुसती तिरकी धरली आणि थांबली.

"ये," ती म्हणाली. "ये माझ्या राजा."

किसनच्या हातात दिवा होता, म्हणून त्याला दिसलं. पाणी कळशीत पडलं नाही, चढलं. भरताना कळशी बोलते, ही बोलली नाही. आणि काठावर, पितळेवर, क्षणभर काहीतरी घट्ट धरल्यासारखं झालं. पाण्याचेच चार छोटे फुगवटे, ओळीने. मग ते आत गेले. रडणं थांबलं होतं.

सरस्वतीने कळशीवर पदर ओढला आणि ती उठली. तिने कळशी कमरेवर घेतली होती, पण बायका कळशी घेतात तशी नाही. खालून हाताचा आधार देऊन. चढण चढताना गळ्यापर्यंत भरलेल्या कळशीतून एक थेंब सांडला नाही.

बोगद्याच्या तोंडाशी भिकी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने दोन्ही हात पुढे केले.

"दे माय. इहिरीत सोडते. तिचं हाय ते."

"देते," सरस्वती म्हणाली. "जरा शांत होऊ दे. फार रडलंय." आणि ती थांबली नाही. खरवईच्या रस्त्याने उन्हातून सरळ चालत गेली.

भिकी तिच्याकडे पाहत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुज्या बायकोला दूध हाय का?"

"नाही," किसन म्हणाला. "आता या वयात कुठून असणार?"

"मंग ते काय पिनार?"

७

बोगद्यातलं पाणी कमी झालं. का, ते साहेबालाही सांगता आलं नाही. पावसाळा लागला, वाडीच्या विहिरीला पुन्हा पाणी आलं, येसूची पोर चांगली गुटगुटीत झाली. येसू तिला पाठीला बांधून कामावर येऊ लागली. मामाच्या मांडीवर ती पोर हसायची आणि किसनला भरून यायचं.

घरी कळशी स्वयंपाकघरात मांडणीखाली, मऊ गोधडीत असायची. सरस्वती गाणं म्हणत काम करायची. इतक्या वर्षांत किसनने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. ती हसायची, शेजारणींशी बोलायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या मोठ्या सिंधी डॉक्टरकडे नेलं. त्याने रक्त तपासलं, टॉनिक लिहून दिलं, म्हणाला, "बाई, खाना खाओ." ती दोन माणसांचं जेवत होती. चोळीवर समोर ओलसर डाग असायचे, ते ती पदराने झाकायची.

भिकीचे निरोप येतच होते. कळशी आण, भाऊ. अजून येळ हाय. बाय ऱ्हायची नाय.

एका सकाळी सरस्वती आंघोळीला गेली. मोरीत पाण्याचा आवाज सुरू झाला तसं किसनने मन घट्ट केलं. तिच्याशी भांडण नको, रडारड नको. ती बाहेर येईपर्यंत आपण डोंगर चढायला लागलेलो असू. विहीर तिकडे आहे, तिचं तिला देऊन टाकायचं. नंतर सरस्वती महिनाभर बोलणार नाही, पण जगेल. त्याने गोधडीसकट कळशी उचलली, छातीशी धरली आणि दाराकडे गेला. कडीला हात लावला.

कळशीच्या आत काहीतरी वळलं. झोपेत कूस बदलावी तसं. आणि पितळेच्या आतून त्याच्या छातीवर टेकून, विश्वासाने, स्थिर झालं.

किसन उभा राहिला. कडी काढायची होती. वाडीची वाट त्याला डोळे मिटून माहीत होती. मोरीत तांब्या वाजत होता, आणि ते वाजणंही पूर्वीपेक्षा हलकं होतं, हाताला जोर नसल्यासारखं. तो सगळं ऐकत होता. काय करायला हवं हे त्याला अगदी स्पष्ट कळत होतं. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं, की आपण एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलतोय.

"अहो," आतून सरस्वतीचा आवाज आला. "उठलं का?"

"नाही," किसन म्हणाला. "माझ्याकडे आहे. तू सावकाश कर आंघोळ."